आधी सात, मग हात

या, असं जवळ सरका. उंबऱ्यावर बसून गोष्ट ऐकू नये, अर्धी बाहेर सांडते. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, कारण एकदा सुरू झालो की मी कुणासाठी थांबत नाही. आज तुम्हाला एका शिक्षिकेची गोष्ट सांगतो. तिचा आवाज गेला, तेव्हा सगळे म्हणाले, संपलं हिचं. आणि ती त्याच हरवलेल्या आवाजाच्या जोरावर जिंकली. कशी जिंकली, ते ऐका.

बसचा शेवटचा थांबा जिथे होता, तिथेच समोर ही शाळा. तीन मजले, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दुसऱ्या मजल्यावर पाचवीचा वर्ग. खिडकीखाली टायरचं दुकान होतं, तिथे हवा भरायचं यंत्र दर दहा मिनिटांनी धापा टाकायचं. या वर्गात आमच्या बाई अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होत्या. मुलं त्यांना थांबाबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण बाईंना ठाऊक होतं.

नाव पडायला कारण होतं. बाई प्रश्न विचारायच्या आणि मग टेबलावर तर्जनीनं सात ठोके द्यायच्या. आवाज न करता, नुसतं बोट वर आणि खाली. सातवा ठोका पडेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही. एखादा उतावळा उठलाच तर बाई म्हणायच्या, "थांबा! आधी सात, मग हात." अठ्ठावीस वर्षं हाच नेम. लोक देवापुढे जप करतात, बाई मुलांपुढे सात मोजायच्या. माझ्या मते दोन्ही एकाच खात्यात जमा होत असावं.

तर अशा बाईंचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं खडूची धूळ. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आहेत. तीन महिने वर्गात आवाज चढवून शिकवायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. दिवसाला दहा मिनिटं बोला. तेही समोर बसलेल्या माणसाशी बोलावं, तेवढ्याच आवाजात."

बाईंनी एक छोटी पाटी घेतली आणि गळ्यात पिशवी अडकवावी तशी अडकवली. जे बोलायचं ते पाटीवर. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मुलं त्यांना घड्याळकाका म्हणत. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "अगं, लग्नाला एकतीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं."

बाईंनी लिहिलं, "आनंद मानून घ्या. तीनच महिने."

काका हसले खरे. पण चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. "नको हे. भांड तरी माझ्याशी."

शाळेत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण पाचवीच्या दुसऱ्या तुकडीचे सर सोडले तर त्यांच्याकडे गणिताला कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय करू सांगा. दोन्ही तुकड्या एकत्र बसवाव्या लागतील. अडुसष्ट मुलं एका खोलीत. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. विश्रांतीही होईल."

 थांबाबाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ग्रंथालयात गेलेलं माणूस वर्गात परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधीच्या चित्रकलेच्या बाई तशाच गेल्या. पुस्तकांवर क्रमांक चिकटवता चिकटवता एक दिवस त्यांचा निरोपसमारंभ झाला. आणि त्याहून मोठी कळ वेगळीच होती. अडुसष्ट मुलांच्या गर्दीत सात मोजणार कोण?

तेव्हा दारात वायरसर येऊन उभे राहिले. हे संगणकाचे शिक्षक. गळ्यात कायम एखादी तार लोंबत असायची, म्हणून वायरसर. याच शाळेत, याच बाईंकडे शिकलेले. ते म्हणाले, "मोठ्या बाई, तळमजल्यावरच्या कपाटात चाळीस टॅब पडून आहेत. वर्ष झालं, खोकीसुद्धा फोडली नाहीत. बाईंचा आवाज आपण त्यात भरू. मुलं हेडफोन कानाला लावून ऐकतील. बाईंना ओरडायलाच नको."

आता ही कपाटाची हकीकत सांगायला हवी. टॅब आले तेव्हा शिक्षकांची बैठक भरली होती. फुटला तर कोण भरून देणार, म्हणून जो तो मागे सरकला. आणि सर्वांत जोरात बोलल्या होत्या त्या आमच्या थांबाबाईच. "यंत्र पोराच्या डोळ्यांत बघतं का?" हे वाक्य इतकं गाजलं की कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली मोठ्या बाईंच्या खणात गेली. म्हणजे कपाट बंद होण्यात बाईंचा वाटा होता. आता त्याच कपाटापाशी त्यांना पदर पसरायचा होता.

बाईंनी पाटीवर लिहिलं, "नाही." खाली दोन रेघा ओढल्या.

वायरसर जवळ आले. "बाई, पाचवीत असताना मी म्हणालो होतो, मला गणित येणार नाही. तुम्ही म्हणालात, 'येत नाही म्हण, येणार नाही म्हणू नको.' मग आता हे काय?"

आपलंच वाक्य आपल्याला कुणी परत आणून दिलं तर माणूस काय करणार! बाईंनी हातानं 'नाही' पुसलं आणि लिहिलं, "येत नाही."

"चला," वायरसर म्हणाले, "म्हणजे शिकवता येईल."

मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुवारी प्रयोग करून दाखवा. मग बघू."

रेकॉर्डिंग बाईंच्या घरी झालं, कपड्यांच्या मोठ्या कपाटाशेजारी. लोंबत्या कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. पण पहिल्याच वाक्याला वायरसरांनी कान टवकारले. टिकटिक, टिकटिक. घड्याळजीचं घर ते, भिंतीभर एकवीस घड्याळं. काकांनी आयुष्यभर बंद घड्याळं चालू केली होती. त्या दिवशी खुर्चीवर चढून त्यांनी स्वतःच्या हातानं एकवीस लंबक धरले. "बायकोसाठी काळ थांबवला," ते म्हणाले, "याच्यावर आता काही मागू नको."

बाई हळू आवाजात बोलल्या, जणू समोर एकच मूल बसलं आहे. आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत फेकावा लागत नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. नऊ मिनिटांत अपूर्णांकांचा धडा झाला. प्रश्न विचारला की सवयीनं बोट मांडीवर सात वेळा पडायचं. मग उत्तर.

गुरुवारी चौतीस मुलं, चौतीस टॅब. मोठ्या बाई दाराशी उभ्या. शिक्षकांच्या खोलीतून इतिहासाचे सरही आले होते, मजा बघायला. मुलांनी हेडफोन कानाला लावले आणि धडा सुरू झाला.

आणि बघता बघता वर्ग भांबावला. मुलं एकमेकांच्या वहीत डोकावू लागली. कुणी अर्धवट लिहून खोडलं. सुताराची लेक दुसऱ्या बाकावर बसायची, जिभेनं तिखट. तिनं हेडफोन काढून बाकावर ठेवला.

"ह्या आमच्या बाई नाहीत."

वायरसर म्हणाले, "अगं, आवाज त्यांचाच आहे."

"आवाज त्यांचाच आहे. पण आमच्या बाई थांबतात. ह्या विचारतात आणि लगेच स्वतःच सांगून टाकतात. मग आम्ही कशाला बसलोय?"

इतिहासाचे सर हळूच म्हणाले, "यंत्र पोराच्या डोळ्यांत बघतं का?" आणि जिन्यानं खाली गेले. आपलाच बाण आपल्याला लागला की रक्त येत नाही, पण दुखतं फार. बाईंनी पाटी उलटी केली आणि छातीशी धरली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी आणखी एकदा संधी देते. सोमवारी. नाही जमलं तर मंगळवारपासून तुकड्या एकत्र, आणि तुम्ही ग्रंथालयात. मला दुसरा मार्ग नाही हो."

बाई घरी आल्या. देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, पण मागायचं काय ते सुचेना. काकांनी टॅब घेतला आणि कानाला लावला. घड्याळजीचा कान, त्याला दोन ठोक्यांमधलं अंतर आधी ऐकू येतं, ठोका मागाहून. त्यांनी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं.

"अगं, त्या दिवशी तू नऊ मिनिटं बोललीस. हे सहातच संपतंय. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. तुझे सात कुठे गेले?"

बाईंनी पाटी उचलली, पिशवीही न घेता तशाच निघाल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या वायरसरांच्या दारात उभ्या राहिल्या. पाटी पुढे धरली. "माझे सात कुठे?"

वायरसरांचा चेहरा उतरला. "बाई... त्यात एक बटण असतं. रिकामी जागा शोधून काढून टाकतं. मला वाटलं, तुम्ही दम खायला थांबत असाल. धडा सुटसुटीत होईल म्हणून मी..." त्यांनी पाटीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. "तुमचे सात मी कचरा समजून झाडून काढले."

पाचवीचं अख्खं वर्ष याच बाईंसमोर सातपर्यंत मोजलेला विद्यार्थी! पण तुम्हीच सांगा, ज्या अंगणात रोज खेळलो, तिथल्या मोकळ्या जागेकडे कधी कुणी बघतं का? तिथे काहीच नसतं, म्हणूनच तर खेळता येतं.

बाई रागावतील असं त्यांना वाटलं. बाईंचे खांदे हलू लागले. हसत होत्या, बिनआवाजाच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी लिहिलं, "परत घाल."

"घालतो. सात सेकंदांची जागा सोडतो, प्रत्येक प्रश्नानंतर." वायरसर संगणकापुढे बसले. मग त्यांची बोटं थांबली. "बाई, एक विचारू? सातच का?"

बाई लिहायला गेल्या आणि खडू हवेतच राहिला. सातच का? सगळ्यांत हुशार मुलाला तीन लागायचे. बहुतेकांना सात पुरायचे. म्हणून सात.

"कारण आता सात असायलाच पाहिजेत असं नाही," वायरसर म्हणाले. "वर्गात तुमचं एकच बोट होतं, म्हणून सगळ्यांना एकच माप. इथे प्रत्येकाच्या हातात वेगळा टॅब आहे. प्रश्न झाला की आवाज तिथेच थांबवता येतो. मुलानं वहीत लिहिलं, 'पुढे' दाबलं, की मगच तुम्ही पुढे बोलाल. कुणी पाच मिनिटं लावली तर पाच मिनिटं थांबाल. कळलं नाही तर 'पुन्हा' दाबेल, तुम्ही पुन्हा सांगाल. न कंटाळता."

बाईंनी पाटी खाली ठेवली. दिवसाची दहा मिनिटं अजून शिल्लक होती. त्यातला थोडा आवाज त्यांनी आता खर्च केला.

"अठ्ठावीस वर्षं मी सात मोजले रे. ज्याला नऊ लागत होते, त्याचं मी काय केलं?"

वायरसरांनी मान खाली घातली.  पण त्या प्रश्नातच सगळं बदललं, मंडळी. तोपर्यंत बाई टॅबकडे गेल्या होत्या त्या नाइलाजानं, बुडत्यानं काडीकडे जावं तशा. आता त्यांना त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. त्या उठल्या, खुर्ची ओढली आणि वायरसरांच्या शेजारी बसल्या. कुठे दाबायचं, कसं कापायचं, कसं जोडायचं, सगळं त्यांनी स्वतःच्या बोटानं करून बघितलं. चुकलं की वायरसर पुढे हात करायचे. बाई त्यांच्या हातावर फटका मारायच्या आणि पाटी दाखवायच्या. "थांब!"

शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज दहा मिनिटांचा आवाज, आणि रोज एकवीस घड्याळं बंद. रविवारी एक गिऱ्हाईक दुकान बंद बघून घरीच आलं आणि भिंतीकडे पाहून म्हणालं, "काका, तुमचीच सगळी बिघडली की!"

सोमवार उजाडला. मोठ्या बाईंच्या हातात तुकड्या एकत्र करायचा कागद तयार होता, सही तेवढी बाकी. इतिहासाचे सरही आले. "पोरं काय, दाबत सुटतील 'पुढे पुढे'," ते म्हणाले. "पाच मिनिटांत धडा खलास."

मुलांनी कानाला लावलं. पहिला प्रश्न आला. एकसारख्या दोन फळ्या आहेत. एकीचा पाऊण भाग रंगवला, दुसरीचा दोन तृतीयांश. जास्त रंग कुठे लागला? का?

आणि आवाज थांबला.

वर्गात इतकी शांतता पसरली की खालचं हवेचं यंत्र बंद पडल्याचंही कळलं. चौतीस डोकी वहीत. सुताराची लेक बोटांनी हवेत फळी मापत होती. सरांचं भाकीत अगदीच खोटं नव्हतं. खिडकीजवळच्या एकानं, मुलं त्याला गोफण म्हणत, सटासट 'पुढे' दाबलं. हा सातव्या ठोक्याला सर्वांत आधी हात वर करणारा. बाईंचा अठ्ठावीस वर्षांतला पहिल्या नंबरचा उत्तरवीर.

पण आज बाई फळ्यापाशी नव्हत्या. त्यांचा आवाज मुलांच्या कानात होता, त्यामुळे पाय मोकळे होते. त्या बाकांमधून फिरत होत्या. गोफणीच्या खांद्यावरून त्यांनी वहीत पाहिलं. 'पाऊण मोठं', उत्तर बरोबर. खाली त्यानं कारण लिहिलं होतं, 'कारण तीन हे दोनापेक्षा मोठे.' आणि पुढच्या प्रश्नात त्याच हिशेबानं तीन अष्टमांश त्यानं दोन तृतीयांशाहून मोठे ठरवले होते.

बाई चरकल्या. किती वेळा या पोराला त्यांनी शाब्बास म्हटलं होतं! उत्तर लांबून ऐकू यायचं, पण त्यामागचं कारण लांबून दिसत नव्हतं. त्या त्याच्या शेजारी बाकावर बसल्या, कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि समोरच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "एकीचे आठ भाग कर, दुसरीचे तीन. घडी घाल बघू." गोफणीनं घडी घातली, पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आयला..." मग जीभ चावली. बाईंनी ऐकलंच नाही असं केलं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. तिचं नाव खोडरबर. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची, सात होऊन जायचे आणि तिचा हात वर्षभरात एकदाही वर गेला नव्हता. बाई तिच्यापाशी पोचल्या तेव्हा ती अजून पहिल्याच प्रश्नावर होती. टॅबवरचा आवाज थांबलेला, तिची वाट बघत. बाईंचं बोट सवयीनं बाकाच्या कडेवर गेलं. सात. नऊ. पंधरा. एकवीस. मुलीनं एक फळी आखली. बारा भाग केले. दुसरी आखली, तिचेही बारा. एकीचे नऊ रंगवले, दुसरीचे आठ. खाली लिहिलं, 'पाऊण. एका घरानं जास्त.' रबर उचललं, उत्तराकडे पाहिलं आणि रबर परत डबीत ठेवलं.

मग तिनं 'पुढे' दाबलं. आणि कानात बाईंचा आवाज आला असावा, कारण ती आधी टॅबकडे बघून हसली आणि मग वर, खऱ्या बाईंकडे. बाई तिच्या डोळ्यांत बघत होत्या.

यंत्र पोराच्या डोळ्यांत बघतं का? नाही बघत. पण त्यानं बाईंना बघायला मोकळं केलं.

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. बाई वळल्या, तर मोठ्या बाई एका रिकाम्या बाकावर गुडघे दुमडून बसलेल्या, कानाला लावलेलं, आणि हातातल्या कागदामागे फळ्या आखत होत्या. त्याच कागदामागे, सही बाकी असलेल्या!

वायरसर म्हणाले, "मोठ्या बाई, घंटा झाली."

"थांबा हो जरा!" मोठ्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "मी भाषा शिकवते, माझं गणित कच्चं आहे. मला अजून सापडलं नाही."

सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "आधी सात, मग हात!" मोठ्या बाई हसल्या, वर्ग हसला, टायरच्या दुकानातला माणूस वर बघू लागला. तुकड्या एकत्र करायच्या कागदाला दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या फळ्या झाल्या. त्यावर सही कुठे करणार?

कपाटाची किल्ली त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत खिळ्यावर लटकली. आठवडाभरानं मधल्या सुट्टीत इतिहासाचे सर बाईंच्या टेबलापाशी घुटमळले. "म्हणजे... लढाईत पुढे काय झालं असेल, हे पोरांना आधी लिहायला लावता येईल का? आणि मग मी सांगायचं?" बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि पाटीवर लिहिलं, "येत नाही म्हणा. शिकवते."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गाठी विरल्या होत्या. आवाज परत आला. पण शेवटच्या बाकापर्यंत तो फेकायचं बाईंनी कायमचं सोडलं. त्या स्वतःच तिथपर्यंत चालत जायच्या. अशी उरलेली वर्षं त्यांनी शिकवलं, आणि निरोप घेतला तो वर्गातूनच.

झाली गोष्ट. मघाशी मी म्हणालो होतो, मी कुणासाठी थांबत नाही. चुकलो. तुमच्यातलं कुणी अजून त्या दोन फळ्यांपाशीच असेल, तर सावकाश करा, मी बसलोय. फक्त एवढं मागणं आहे. उद्या घरी, शाळेत, कुठेही कुणाला काही विचाराल आणि समोरचं माणूस गप्प राहील, तेव्हा आमच्या थांबाबाईंची आठवण ठेवा. आणि सातावर अडू नका. समोरच्याचे होतील तेवढे होऊ द्या.